व्हिडिओ प्लेअरची निवड : फुकट आणि मुक्त

वर्गात दाखवावयाची चित्रफीत शिक्षकाने आदल्या दिवशी घरच्या संगणकावर पाहून ठेवणे, हे पाठाच्या पूर्वतयारीचेच एक अंग होय. परंतु पुष्कळदा फाईल उघडत नाही. किंवा आवाज येतो, पण चित्र दिसत नाही. अशा वेळी कोणत्याही संकेतस्थळावरून हाती लागेल तो प्लेअर उतरवून घेण्याचा मोह होतो. हा मोह आवरून निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, ते येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम फाईल का उघडत नाही, ते पाहू. एमपी-फोर, एमकेव्ही ही नावे केवळ पाकिटाची आहेत. पाकीट ओळखीचे असले तरी आतील पत्र मोडी लिपीत असेल, तर मोडी न शिकलेल्यास ते वाचता येत नाही. चित्र व आवाज थोड्या जागेत साठविण्याच्या ज्या सांकेतिक पद्धती आहेत, त्यांस कोडेक म्हणतात. तो कोडेक प्लेअरपाशी नसेल, तर निर्दोष फाईलही निरुपयोगी ठरते. म्हणून पहिली कसोटी ही की, प्रचलित कोडेक प्लेअरमध्ये मुळातच अंतर्भूत असावेत.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे. फुकट व मुक्त हे समानार्थी शब्द नव्हेत. शेजाऱ्याने दिलेली पाण्याची घागर फुकट असते. उद्या त्याने नाकारली, तर आपला इलाज चालत नाही. गावविहिरीवर मात्र सर्वांचा हक्क असतो. मुक्त प्लेअरचा सोर्स कोड, म्हणजे त्याच्या घडणीचा मूळ मजकूर, कोणासही वाचता, तपासता व सुधारता येतो. त्याची प्रत सहकाऱ्यास देणेही कायदेशीर असते. मुलांना प्रामाणिकपणा शिकविणाऱ्या शिक्षकाच्या घरी चोरीची प्रत नसावी, हे निराळे सांगावयास नको.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारा सर्वपरिचित प्लेअर म्हणजे व्हीएलसी. फ्रान्समधील एकोल सांत्राल पॅरिस या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून तो जन्मास आला, आणि २००१ साली मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला झाला. तो विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतो. त्यात जाहिराती नाहीत. चित्रफीत सावकाश चालविता येते. इंग्रजी 'ई' अक्षराची कळ दाबीत गेल्यास एकेक चित्र पुढे सरकते. फुलपाखरू कोशातून बाहेर येतानाचा क्षण मुलांना दाखविण्यास ही सोय फार उपयोगी पडते.

ज्यांस कळफलकाचा सराव आहे, त्यांनी एमपीव्ही हा सुटसुटीत प्लेअर वापरून पाहावा. केवळ विंडोजवर चालणारा एमपीसी-एचसी हाही पर्याय आहे. त्याच्या मूळ चमूने २०१७ साली काम थांबविले. परंतु सोर्स कोड खुला असल्याने इतरांनी ते पुढे चालविले. गावविहिरीचा हक्क म्हणतात तो हाच.

प्लेअर नेहमी त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. व्हीएलसीचे संकेतस्थळ व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग हे होय. २०२२ साली ते काही महिने भारतातून उघडत नव्हते. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. अशा प्रसंगीही परक्या ठिकाणची प्रत घेऊ नये, कारण तिच्यात कोणी काय मिसळले असेल, याचा भरवसा नसतो.

शेवटी, प्लेअर घेतल्यावर तीन फाईली लावून पाहाव्यात : एक मोबाईलवर चित्रित केलेली, एक शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनाची, व एक मराठी उपशीर्षके असलेली. उपशीर्षकांची अक्षरे विस्कटलेली दिसल्यास ती फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ या प्रकारात, पुन्हा साठवावी. तिन्ही नीट चालल्यास निवड योग्य झाली, असे समजावे, आणि मूळ प्रत शेजारच्या शाळेतील शिक्षकांसही निःसंकोचपणे द्यावी.