उरलेले तेवीस तास
मेंदू, मज्जारज्जू आणि हालचाल : लेखांक ७

सांगलीच्या गावभागातलं घर. जिना दगडी, अरुंद, कठड्याऐवजी दोरखंड. वर गेले तर आजोबा खाटेवर बसलेले, उजवा हात मांडीवरच्या उशीत, आणि आजी त्यांना चमच्यानं आमटी-भात भरवत होत्या. मला बघून त्यांनी अभिमानानं सांगितलं, "दवाखान्यातून आणल्यापासून पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिलेला नाही बघा मॅडम."

पक्षाघाताला पाच आठवडे झाले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, उजवं अंग गेलेलं, जीभ जड. पाय बऱ्यापैकी परतला होता. हातही परतायच्या बेतात होता. मनगट वर येत होतं, बोटं अर्धीमुर्धी उघडत होती. घरात मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं. खुद्द आजोबांनाही नाही. गेल्या पाच आठवड्यांत त्या हाताला कुणी काही काम विचारलंच नव्हतं.

मागच्या लेखात आपण पाहिलं की मेंदूचा एक भाग मेला की आजूबाजूचा भाग थोडंफार काम अंगावर घेऊ शकतो. पण ते काम त्याला द्यायचं कुणी? मी फिजिओ, आठवड्यातून तीन दिवस येणार, तासभर थांबणार. उरलेले तेवीस तास घराचे. त्या तासांत मेंदू सुट्टीवर नसतो, शिकतच असतो. पेला उचलायला मिळाला तर पेला उचलायला शिकतो, आणि भरवलं तर भरवून घ्यायला.

ही नुसती माझी तक्रार नाही. एडवर्ड टाउब या अमेरिकन शास्त्रज्ञानं माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा तोडून पाहिलं होतं. हालचाल करवणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडं तो हात वापरेनात. सुरुवातीला त्या हातानं प्रयत्न केला की खाणं निसटायचं, चांगल्या हातानं लगेच मिळायचं. चारदोनदा असं झालं की माकडानं त्या हाताचा नाद सोडला. मग टाउबनं चांगला हात बांधून ठेवला. तेव्हा तोच 'मेलेला' हात खाणं उचलू लागला. (त्याच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून १९८१ साली अमेरिकेत मोठं प्रकरण झालं. तेही लक्षात ठेवलेलं बरं.) हात हलत नाही म्हणून वापरला जात नाही, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तो न वापरायलाच शिकलेला असतो.

माणसांवरची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे मोजा घातला. जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ मोजा घालून राहायचं आणि दुखऱ्या हाताचा रोज तासन्‌तास सराव करायचा. वर्षभरानंतरही या लोकांचा हात इतरांपेक्षा चांगला चालत होता. मात्र चाचणीत फक्त मनगट आणि बोटं थोडी तरी उघडणारेच रुग्ण घेतले होते. अगदी लुळ्या हाताला हा उपाय नाही. आणि तोल जात असेल तर चांगला हात बांधणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. म्हणून हे वाचून उद्या सकाळी कुणी बाबांच्या हाताला मोजा चढवू नका. आधी तपासून घ्या.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. २००९ साली अमेरिका-कॅनडातल्या फिजिओथेरपी केंद्रांत संशोधकांनी नुसतं बसून मोजलं, की एका भेटीत रुग्णाचा हात एखाद्या कामासाठी किती वेळा हलतो. सरासरी ३२ वेळा. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसला तो दिवसाला काही शे वेळा तीच हालचाल केल्यावर. त्यातलं निम्मं अंतरही माझ्या तासात कापलं जात नाही, हे मी कबूल करते. मी आले, शेक दिला, करंट लावला, हात वरखाली केला, गेले, इतकंच होणार असेल तर पैसे वाचवलेले बरे. या मशिनांवर लोकांचा फार विश्वास. गुंगुं असा आवाज येतो, बोट आपोआप उडतं, घर खूश होतं. त्यात रुग्णानं स्वतः काही केलं का, एवढंच मी विचारते.

शे-दीडशे वेळा तीच हालचाल करायला माणसाला कारण लागतं. "शंभर वेळा मूठ उघडा" म्हटलं की तिसाव्याला कंटाळा येतो. म्हणून मी घरात शिरल्यावर आधी माणूस काय करायचा ते विचारते. आजोबा एसटीत कंडक्टर होते. तिकिटाचं मशीन यायच्या आधीचे, पत्र्याची तिकिटाची पेटी आणि पंच वागवणारे. पंच अजून माळ्यावर होता. नातवानं जुन्या लग्नपत्रिका कापून तिकिटं केली, बरण्यांच्या झाकणांचे गठ्ठ्यांसाठी कप्पे केले. डाव्या हातानं पेटी धरायची, उजव्यानं तिकीट ओढायचं, पंच करायचं, प्रवाशाला द्यायचं. दुपारी चहाआधी सांगली ते तासगाव आणि रात्री जेवणाआधी परत.

गेल्या आठवड्यात एका वाचकानं विचारलंय, रबरी चेंडू दाबायचा का? जवळजवळ प्रत्येक घरात असतो तो, पिवळा, हसऱ्या तोंडाचा. पक्षाघातानंतर काही आठवड्यांनी पुष्कळांच्या हाताचे मिटणारे स्नायू घट्ट होऊ लागतात, मूठ आपोआप वळते. मिटणं त्या हाताला फुकटात जमतं, नडतं ते उघडणं. अशा हाताला दिवसभर चेंडू दाबायला लावणं म्हणजे आधीच रेटून बंद होणाऱ्या दाराला आणखी ढकलणं. त्यापेक्षा उचललेली वस्तू सोडायला लावा. वाटाण्याची शेंग सोलून दाणा वाटीत टाकणं, कपड्यांचे चिमटे दोरीवरून काढून टोपलीत टाकणं, तळहात पसरून परातीतली कणीक दाबणं. आजोबांचं तिकीट याच खात्यातलं. प्रवाशाच्या हातात तिकीट जाताना बोटं सुटावीच लागतात.

आणि खांदा. यावर मी वेगळा लेख लिहिला तरी कमीच. खांद्याचा गोळा ज्या वाटीत बसतो ती अगदी उथळ असते, गोळ्याला जागेवर धरतात ते स्नायू. ते ढिले पडले की हाताच्या वजनानंच गोळा खाली ओघळतो आणि खांद्याच्या टोकाखाली बोटभर खळगा लागतो. अशा वेळी मुलगा येतो, "चला बाबा" म्हणतो आणि काखेत हात घालून किंवा तोच हात ओढून उठवतो. दिवसातून आठ-दहा वेळा. मग खांदा दुखायला लागतो, दुखतो म्हणून कुणी हलवत नाही, हलवत नाही म्हणून धरतो. आजोबांच्या बाबतीतही हेच चाललं होतं. छताला अडकवलेल्या पुलीनं दुखरा हात ओढून वर नेणंही या खांद्याला मानवत नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळो.

उठवायची रीत सोपी आहे. खाट बुटकी असेल तर वर दोन वाकळा घडी करून टाका, बसायची जागा उंच करा. पावलं मागे, गुडघ्यांच्या जराशी आत. नाक गुडघ्यांच्या पुढे येईपर्यंत वाका आणि मग उठा. मदत लागली तर कमरेला, धोतराच्या किंवा पट्ट्याच्या जागी धरायचं, दुखऱ्या हाताला कधीच नाही. घरात करण्याजोगा एकच व्यायाम निवडा म्हटलं तर मी हाच निवडेन. पायांत बळ येतं, तोल सुधारतो, आणि संडासला जाण्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नाही. या शेवटच्या गोष्टीची किंमत रुग्णच जाणे. उठताना घेरी आली, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, छातीत भरून आलं तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

म्हणजे घरच्यांना शिकवलं की काम फत्ते? नाही. आपल्याच देशात १४ रुग्णालयांत याची चाचणी झाली, 'लॅन्सेट'नं ती २०१७ साली छापली. १२५० रुग्ण. निम्म्यांच्या घरच्या माणसाला रुग्णालयात असल्यापासून व्यायामाचं शिक्षण दिलं, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मोजलं, तर मृत्यू झालेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्हीकडे ४७ टक्के. फरक शून्य. घरोघर जाणारी बाई म्हणून हा निकाल मला टोचतो. त्यातून एक गोष्ट मी घेतली आहे. फिजिओ परवडत नाही म्हणून तेच काम सुनेच्या किंवा लेकीच्या गळ्यात मारायचं आणि त्याला योजना म्हणायचं, हे चालणार नाही. स्वयंपाक, धुणं, औषधांच्या वेळा सांभाळून त्या बाईनं आणखी अर्धा तास व्यायाम करवून घ्यायचा, ही अपेक्षाच चुकीची. मी घरच्यांकडे जास्तीचं काम मागतच नाही, उलट एक कमी करा म्हणते. भरवू नका. पेला पुढ्यात ठेवा, पाऊण भरलेला नको, पाव भरलेला, आणि हात बांधून बसा. सांडलं तर सांडू द्या.

आजींना हे फार जड गेलं. पहिल्या दिवशी आमटी सदऱ्यावर सांडली तेव्हा त्या उठून आत गेल्या, दोन मिनिटं आल्याच नाहीत.

हे झालं पक्षाघाताचं. पार्किन्सनच्या रुग्णाचं दुखणं निराळं. त्याच्या अंगात बळ असतं, पण उंबऱ्याशी पाऊल जमिनीला चिकटतं. तिथे फरशीवर मारलेल्या रंगीत पट्ट्या काय काम करतात, ते पुढच्या आठवड्यात.

परवा आजोबांकडे गेले तेव्हा तासगावची फेरी चालू होती. आजी प्रवासी, खुर्चीवर बसलेल्या. आजोबांनी पेटीतून तिकीट ओढलं. तिसऱ्या खेपेला आलं. पंचाला अंगठा पुरत नव्हता, तो तळव्यानं रेटला, अर्धवट भोक पडलं. हात थरथरत पुढे आला. आजींनी तिकिटाचं दुसरं टोक धरलं आणि हलकंच ओढलं. तिकीट सुटेना. मी बोटांकडे बघत होते, घट्टपणा वाढलाय का, मनगट थोडं वाकवून द्यावं का, असा विचार करत.

आजोबांनी मान तिरकी करून आजींकडे पाहिलं.

"सु... सुट्टे," ते म्हणाले. "सुट्टे द्या."