बातमीची अमानत सांभाळणाऱ्या अफगाण भगिनी

बातमी ही अमानत आहे. कानावर आलेली गोष्ट पडताळल्याशिवाय पुढे नेऊ नका, अशी ताकीद कुरआनने दिली आहे. हदीसच्या बाबतीत तर कोणी कोणाकडून ऐकले, सांगणारा भरवशाचा आहे का, हे तपासण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच आपल्या पूर्वजांनी उभे केले. या साखळीत स्त्रियाही आहेत. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीसी उम्मतपर्यंत पोहोचल्या. सांगणारी स्त्री आहे म्हणून ते ज्ञान कोणी बाजूला ठेवले नाही.

हे आज आठवण्याचे कारण अफगाणिस्तान. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल ताब्यात घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेने पाहणी केली, तेव्हा तेथील ८४ टक्के महिला पत्रकारांचे काम सुटल्याचे दिसले. मे २०२२ मध्ये दूरचित्रवाणीवर बातम्या देणाऱ्या स्त्रियांना चेहरा झाकण्याचा हुकूम निघाला. सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारेही बंद झाली. स्त्रियांवर बंधने वाढत गेली आणि त्यांची हकीकत बाहेर सांगणाऱ्या स्त्रियाच कमी होत गेल्या.

तरीही काहीजणींनी हे काम सोडले नाही. जाहरा जोया त्यांपैकी एक. त्या बामियान प्रांतातील हजारा समाजाच्या. तालिबानच्या पहिल्या राजवटीत मुलींना शाळा बंद होती, म्हणून लहानगी जाहरा मुलाचे कपडे घालून, ‘मोहम्मद’ हे नाव लावून शिकायला जात असे. पुढे काबूलमध्ये त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, पण वळल्या पत्रकारितेकडे. वृत्तसंस्थेत आपण बहुतेक वेळा एकट्याच स्त्री असतो, हे त्यांना खटकत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी स्वतःच्या बचतीतून ‘रुखशाना मीडिया’ हे इंटरनेटवरील वृत्तसंस्थान सुरू केले. २०१५ मध्ये घोर प्रांतात रुखशाना नावाच्या तरुणीला दगडांनी ठेचून मारण्यात आले होते. तिचे नाव विसरले जाऊ नये, म्हणून हे नाव.

ऑगस्ट २०२१ मध्ये जाहरा यांना देश सोडावा लागला. आता लंडनमधून त्या हे काम चालवतात. जाहरा नादेर या दुसऱ्या पत्रकार भगिनीने ऑगस्ट २०२२ मध्ये कॅनडातून ‘जन टाइम्स’ सुरू केले. फारसीत ‘जन’ म्हणजे स्त्री. आपला ‘जनाना’ हा शब्द त्यातूनच आला. संपादक परदेशात असल्या तरी बातमी आणणाऱ्या अनेकजणी अफगाणिस्तानातच आहेत. त्या टोपणनावाने लिहितात. ओळख उघड झाली तर स्वतःसोबत घरच्यांवरही संकट येते. जबरदस्तीचे निकाह, घरात कोंडल्या गेलेल्या मुलींची घुसमट, कमावती स्त्री घरी बसल्यावर चुलीवर आलेली वेळ, चोरून चालणारे वर्ग, अशा गोष्टी या लेखण्यांतून जगापुढे येतात.

तिसरे उदाहरण हमीदा अमान यांचे. त्यांनी ८ मार्च २०२१ रोजी काबूलमध्ये ‘रेडिओ बेगम’ सुरू केला. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेल्या या केंद्रावरून शाळेचे धडे आणि आरोग्याचा सल्ला घरोघर जाऊ लागला. २०२४ मध्ये पॅरिसहून ‘बेगम टीव्ही’ सुरू झाला. शाळेत जाता येत नाही अशा मुलीसमोर उपग्रहावरून शिक्षिका येऊ लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेडिओच्या कार्यालयावर छापा पडून प्रसारण थांबवले गेले. काही आठवड्यांनी परवानगी परत मिळाली.

हा सारा पाश्चिमात्यांचा प्रचार आहे, असे आपल्यातील काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. इस्लामला बदनाम करण्यासाठी अफगाण स्त्रियांच्या दुःखाचा वापर करणारे आहेत, हे खरे. पण बंदीचे हुकूम सत्ताधाऱ्यांनी स्वतःच जाहीर केले आहेत. विद्यापीठबंदी झाली तेव्हा अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी ती शरीयतच्या विरुद्ध असल्याचे स्पष्ट सांगितले. ज्या दीनची पहिली वह्य वाचण्याच्या आज्ञेने सुरू झाली, त्याच्या नावाने मुलीच्या हातातले पुस्तक काढून घेतले जात असेल, तर त्यावर पहिला आवाज मुसलमानांनीच उठवायला हवा.

आपल्या उपखंडालाही हा मार्ग अनोळखी नाही. १८९८ मध्ये लाहोरहून ‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे स्त्रियांचे उर्दू साप्ताहिक निघाले. संपादक होत्या मुहम्मदी बेगम, आणि पाठीशी उभे होते त्यांचे पती मौलवी सय्यद मुमताज अली. स्त्रीने वर्तमानपत्र चालवणे हेच त्या काळी अनेकांना खपत नव्हते. तरी ते अंक घराघरांत गेले आणि पडद्यातल्या बायका त्यात लिहू लागल्या. अफगाण भगिनी हेच काम आता मोबाइलवर करत आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. त्यावर दिवसभर येणारे निरोप न पडताळता पुढे पाठवण्याची सवय आपण आधी सोडू या. लिहिण्याची आवड असलेली मुलगी घरात असेल, तर ‘हे आपल्या घरात चालत नाही’ म्हणण्यापूर्वी तिने लिहिलेले एकदा वाचून पाहा. आपल्या मोहल्ल्यातल्या स्त्रियांना काय सोसावे लागते, हे तिच्याइतके जवळून दुसऱ्या कोणाला दिसणार? आणि या भगिनींसाठी, त्यांच्या बंद पडलेल्या शाळांसाठी, आपल्या दुआंमध्ये जागा ठेवा.