बिल्ला, चिप आणि आपली माहिती

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैलाचे दात बघून, त्याला चालवून सौदा ठरतो. आता कानातला पिवळा बिल्लाही बघावा लागतो, कारण १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

गैरसमज: बिल्ल्यात चिप असते; जनावर चोरीला गेलं तर मोबाइलवर सापडतं.
वस्तुस्थिती: बिल्ला साध्या प्लास्टिकचा आहे. त्यावर १२ अंकी क्रमांक आणि बारकोड असतो. जनावर कुठे आहे हे तो सांगत नाही. ते कोणाचं, लसी कोणत्या टोचल्या, हे 'भारत पशुधन' प्रणालीतल्या नोंदीवरून कळतं. म्हणून जनावर घेतल्यावर नोंद आपल्या नावावर करून घ्यायलाच हवी.

गैरसमज: चिप असली की उपग्रहावरून पाळत ठेवता येते.
वस्तुस्थिती: खरी चिप गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये आहे. तिला बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओलहरींतून मिळालेल्या शक्तीवर ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प होते. हे सगळं घडतं काही मीटरच्या आत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर आहेत, आणि तेही आपल्याकडे फक्त संदेश पाठवतात, अशा चिपचा संदेश ऐकत नाहीत. २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत उपग्रहावरून सापडणारी चिप असल्याची आवई उठली होती, तीही याच कारणाने खोटी. कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात ती तांदळाच्या दाण्याएवढी चिप तर काही सेंटिमीटरवरूनच वाचता येते.

गैरसमज: घड्याळ काचेजवळ नेऊन फास्टॅगमधले पैसे चोरता येतात.
वस्तुस्थिती: असं दाखवणारी चित्रफीत २०२२ मध्ये पसरली होती; ती बनावट होती. फास्टॅगचे पैसे फक्त नोंदणीकृत टोलनाके आणि वाहनतळांसारख्या ठिकाणीच वळते होतात.

गैरसमज: मग काळजीचं कारणच नाही.
वस्तुस्थिती: आहे, आणि ते नीट ओळखायला हवं. चिपला फक्त क्रमांक ठाऊक असतो; पण गेवराईजवळच्या पाडळसिंगी नाक्यावरून तुमची गाडी कधी गेली, हे नोंदवहीला ठाऊक असतं. अशा नोंदी जोडत गेलं की माणसाचा दिनक्रम उलगडतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. नोंद कोण बघतं आणि किती काळ ठेवतं, हे विचारणं आपलं काम आहे.

आणि गाडी विकलीत तर फास्टॅग आधी बंद करा. नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जाईल आणि त्याचा प्रवासही तुमच्याच नावावर नोंदला जाईल.