सायकल आणि शहराचा रस्ता

मुंबईच्या गिरणगावात करी रोड नावाचे रेल्वे स्थानक आहे. स्थानकालगत रुळांवरून जाणारा एक पूल असून तो लालबागचा भाग लोअर परळच्या भागाशी जोडतो. एके काळी या परिसरात कापडाच्या गिरण्यांचे भोंगे वाजत आणि पाळी सुटली की कामगारांचे लोंढे रस्त्यावर येत. १९८२ सालच्या प्रदीर्घ संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी उंच इमारती आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. मोटारींची संख्या वाढली. परंतु रस्त्यांची रुंदी काही त्या प्रमाणात वाढली नाही.

या गर्दीत एक वाहन मात्र पूर्वीप्रमाणेच आपली वाट काढीत असते. ते म्हणजे सायकल. पहाटे घरोघरी पाव पोहोचविणारा पाववाला, दुपारी कचेऱ्यांत जेवण नेणारा डबेवाला, सुऱ्या-कात्र्यांना धार लावीत गल्लोगल्ली फिरणारा कारागीर, रात्री किटलीतून चहा विकणारा, अशा कितीतरी माणसांचा संसार या दोन चाकांवर चालतो. सायकलीला इंधन लागत नाही, ती धूर सोडीत नाही आणि जागाही थोडीच अडविते. असे हे निरुपद्रवी वाहन चालविणाऱ्याच्या जिवाला मात्र रस्त्यावर फार मोठा धोका असतो.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईतील पाम बीच रस्त्यावर अवतार सैनी हे सायकलवरून जात होते. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याची रचना करणारे ते नामांकित अभियंते असून इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख होते. मागून आलेल्या एका टॅक्सीची त्यांना धडक बसली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. धडकेपुढे विद्वान आणि अडाणी, श्रीमंत आणि गरीब असा भेद उरत नाही.

अपघात घडला की आपण नशिबाला बोल लावतो. परंतु बहुतेक अपघातांना कारणे असतात आणि ती समजून घेतली, तर पुष्कळसे अपघात टाळता येतात.

पहिले कारण वेग. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात १० मीटर अंतर तोडते. धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणपणे एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी १० मीटर पुढे गेलेली असते! शिवाय वेग दुप्पट झाला, तर धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ज्या रस्त्यांवर पादचारी, सायकलस्वार आणि मोटारी एकत्र वावरतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते याचसाठी.

दुसरे कारण म्हणजे चालकाला न दिसणारी जागा. आपल्याकडे चालक गाडीत उजव्या बाजूस बसतो. त्यामुळे बस किंवा मालमोटार यांच्या डाव्या अंगाला अगदी खेटून चाललेली सायकल त्याच्या दृष्टीस पडेलच, असे नाही. त्यातच गाडी डावीकडे वळली, तर संकट ओढवते. कारण वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूने जातात. याचा पडताळा तुम्हीही घेऊ शकता. ओल्या मातीत आपली सायकल हाताने ढकलीत वळवा आणि चाकांचे ठसे पाहा. मागच्या चाकाचा ठसा वळणाच्या आत पडलेला दिसेल. लांबलचक बसच्या बाबतीत हे अंतर किती वाढत असेल, याची कल्पना करा. म्हणून वळणावर मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये. तिच्या मागे थांबावे.

तिसरे कारण अगदी क्षुल्लक वाटते. ते म्हणजे गाडीचे दार. रस्त्याच्या कडेला मोटारी उभ्या असतात. एखादा चालक मागे न पाहता दार उघडतो आणि शेजारून जाणारा सायकलस्वार त्यावर आदळून भर रस्त्यात पडतो. यावर एक सोपा उपाय आहे. उजवीकडचे दार डाव्या हाताने आणि डावीकडचे दार उजव्या हाताने उघडावे. असे केल्याने शरीर वळते आणि नजर आपोआप मागे जाते.

आता करी रोडच्या पुलासारख्या चढाचा विचार करू. चढावर सायकलीचा वेग मंदावतो आणि वेग मंदावला की तोल सांभाळण्यासाठी हँडल अधिक हलवावे लागते. सायकलस्वार डोलू लागतो, तो हौसेने नव्हे. अशा वेळी मागून कर्णा वाजवून त्याला बिचकवू नये. पुरेसे अंतर राखून मगच पुढे जावे.

सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यात अनेकदा खटके उडतात. सायकलस्वार म्हणतो, “हे लोक आम्हांला कडेला ढकलतात.” मोटारचालक म्हणतो, “हे उलट्या दिशेने येतात आणि रात्री दिवाही लावीत नाहीत.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मोटार ताशी ४५ किलोमीटर आणि सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने एकाच दिशेने जात असतील, तर त्यांच्या वेगांतील फरक ३० असतो. समोरासमोर येत असतील, तर तोच ६० होतो. उलट्या दिशेने जाणारा आपलाच धोका वाढवून घेतो. म्हणून सायकलस्वाराने डाव्या बाजूनेच जावे, वळताना हाताने इशारा करावा, रात्री पुढे दिवा व मागे लाल प्रकाश ठेवावा आणि डोक्यावर शिरस्त्राण घालावे.

नियम दोघांनाही सारखेच आहेत. परंतु जबाबदारी सारखी नाही. सायकलस्वाराची चूक बहुधा त्याच्याच जिवावर बेतते. मोटारचालकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते. ज्याच्या हाती अधिक बळ आहे, त्याने अधिक जपले पाहिजे.

केवळ उपदेशाने मात्र सारे साधत नाही. रस्तेही तसे बांधावे लागतात. नेदरलँड्स या देशात १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेथील आईबाप स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी चळवळ उभारली. पुढे सायकलींसाठी वेगळे मार्ग झाले, वस्त्यांतील मोटारींचा वेग कमी करण्यात आला आणि मृत्यूंची वार्षिक संख्या हजाराच्या खाली आली.

आणि तरीही अपघात घडलाच, तर? बघ्यांची गर्दी जमते, पण मदतीला पुढे होण्यास माणसे कचरतात. आता ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली असून, सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक फिरविताच रुग्णवाहिका मागविता येते. हा क्रमांक तुम्ही पाठ करून ठेवा.

मुलांनो, आज तुम्ही सायकल चालविता. उद्या तुमच्यापैकी अनेकांच्या हाती मोटारीचे चक्र येईल. त्या दिवशी पुलाच्या चढावर एखादा डबेवाला घामाघूम होऊन तुमच्यापुढे सायकल रेटीत असेल. तो वेळेवर पोहोचावा म्हणून कोणीतरी भुकेले वाट पाहत असते आणि तो सुखरूप परतावा म्हणून घरी त्याची माणसे वाट पाहत असतात. त्याच्यासाठी गाडीचा वेग कमी केल्याने तुमचे फार तर अर्धे मिनिट जाईल. परंतु रस्ता सर्वांचा आहे, हे तुम्ही खरोखर शिकलात की नाही, याची परीक्षा त्या अर्ध्या मिनिटातच होईल.