रिपोर्ट फुटला, भरपाई कोणाला?

गुहागरात सकाळी दिलेला रक्ताचा नमुना बऱ्याचदा चिपळूणला जातो, तपासणी जरा वेगळी असली तर पुढे मुंबईला. रिपोर्ट मोबाईलवर येतो. एस.टी.च्या दोन फेऱ्या आणि एक दिवसाची मजुरी वाचते, ही सोय लहान नाही. मात्र त्या रिपोर्टची एक प्रत लॅबच्या सर्व्हरवर राहते. तिथे नाव, वय, मोबाईल क्रमांक आणि आजार एकाच ओळीत असतात.

अशी ओळ उघडी पडण्याचे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत. मुंबईतल्या एका लॅबचे सुमारे 43 हजार रिपोर्ट 2016च्या डिसेंबरात इंटरनेटवर कोणालाही दिसत होते. त्यात एचआयव्ही तपासणीचेही होते. 2019 मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय साठवणारे जगभरचे सर्व्हर तपासले. भारतात सर्वाधिक उघडा साठा महाराष्ट्राचा निघाला: 3 लाखांहून अधिक तपासण्यांच्या नोंदी आणि जवळपास 7 कोटी प्रतिमा. चोराला कुलूप तोडावे लागले असते असेही नव्हते, कुलूपच नव्हते.

एटीएम कार्डाची माहिती चोरीला गेली तर कार्ड बंद करता येते. आजाराचा पिन बदलता येत नाही. क्षयाची किंवा मनोविकाराची नोंद वाडीत पोहोचली तर ठरत आलेले लग्न मोडू शकते, नोकरी जाऊ शकते. या नुकसानीची पावती कुठून आणायची? शिवाय माहिती नेमकी कुठून फुटली, हे रुग्णाने कसे दाखवायचे? भरपाईचे बहुतेक दावे इथेच अडतात.

युरोपात मनस्तापही नुकसान धरला जातो. त्रास किरकोळ आहे एवढ्या कारणाने भरपाई नाकारता येणार नाही, असे तिथल्या न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले. त्रास झाला, हे मात्र दाखवावे लागते. तरी तिथेही सगळे सुरळीत नाही. फिनलंडमध्ये वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या सुमारे 33 हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि 2020 मध्ये रुग्णांनाच खंडणीचे ई-मेल आले. आरोपीला 2024 मध्ये सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण कंपनी 2021 मध्येच दिवाळखोरीत गेली होती.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43अ आहे. वैद्यकीय नोंदींसारखी संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली, तर नुकसान झालेल्याला भरपाई मिळते. 5 कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. महाराष्ट्रात या अधिकाराचा वापरही झाला आहे. पुण्यातल्या पूना ऑटो अॅन्सिलरीज या कंपनीच्या खात्यातून सुमारे 80 लाख रुपये लंपास झाले, तेव्हा 2013 मध्ये पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश निघाला. खातेदाराने फसव्या ई-मेलला उत्तर दिले होते, तरीही बँक सुटली नाही. हे प्रकरण पैशाचे होते, म्हणून हिशेब मांडता आला.

नवा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 हे कलमच काढून टाकतो. सुरक्षेत कुचराई केली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो जातो केंद्र सरकारच्या तिजोरीत. ज्याचा रिपोर्ट फुटला, त्याला त्यातला रुपयाही नाही. उलट खोटी तक्रार केली तर त्यालाच 10 हजारांपर्यंत दंड! एक चांगली गोष्ट म्हणजे माहिती फुटल्यावर कंपनीने प्रत्येक बाधिताला विनाविलंब कळवायचे आहे. आज रुग्णाला बातमी वाचूनच कळते, तीही नशिबात असेल तर. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी दीड वर्षाने, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. तोवर 43अ जिवंत आहे.

त्यानंतर उरेल ग्राहक संरक्षण कायदा. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. लॅब मुंबईची असली तरी गुहागरच्या ग्राहकाला तक्रार रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात करता येते, आणि सेवेसाठी 5 लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर शुल्क नाही. अट एकच: पैसे मोजलेले हवेत. सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयातला रुग्ण या कायद्याने ग्राहक ठरत नाही. म्हणून लॅबची पावती, आलेला रिपोर्ट आणि नंतर येणारे अनोळखी फोन-संदेश तारखेसह जपून ठेवावेत. आयोगापुढे दाखवायला तेवढेच हाती असते.