परीक्षा बाळाच्या पाळण्यापाशी



काट्यावर गाडी उभी राहिली की उसाचे वजन कळते, पण तेव्हा पिकाला काही देण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून लागणीआधी माती तपासतात आणि शेतकी विभागाचा माणूस उभ्या पिकात फिरतो. या तपासणीतून पुढे काय करायचे ते कळते. आरोग्यसेविकांच्या शिक्षणालाही हाच न्याय लावला पाहिजे.

बहुतेक प्रशिक्षणांत आधी वर्ग, शेवटी पेपर, मग प्रमाणपत्र असा क्रम असतो. पेपरात गुण चांगले पडले, पण मध्यरात्री खोपीत बाळाला धाप लागली आहे हे ओळखता आले नाही, तर त्या गुणांचा बाळाला काय फायदा?

आपली वैनगंगा खाली जिथे जाते, त्या गडचिरोली जिल्ह्यात याचे चांगले उदाहरण आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असला, तर तो धोक्याचा समजतात. पण निरक्षर सुईणीला साठपर्यंत मोजता येईना. मोजणीचा पेपर घेतला असता तर ती नापासच झाली असती! बंग दांपत्याने तिला मण्यांचे एक साधे यंत्र दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. एक मिनिटाची वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. आता सुईणीची परीक्षा एवढीच, की आजारी बाळ तिला ओळखता येते का. ती तिला देता आली.

पुढे ३९ गावांत थोडे शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. सगळे एकदम शिकवले नाही. आधी बाळ पाहणे, वजन करणे, नोंद ठेवणे. ते जमल्यावर उपचार. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येत, नोंदी पडताळून पाहत, चुकले असेल ते तिथेच दुरुस्त करून शिकवत. म्हणजे तपासणी हाच पुढचा धडा. १९९३-९५ मध्ये त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या इतर गावांत तो साठच्या घरातच राहिला. हा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई गावोगाव आल्या. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटीचे कामही त्यांच्याकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाले तर सात. भेटीचा फॉर्म भरला म्हणजे काम तपासले, असे मात्र धरून चालू नये. तिच्यासोबत बाळापाशी बसून वजन कसे घेते, श्वास कसा मोजते हे पाहणारे आणि चुकले तर न रागावता दाखवणारे माणूस हवे. रागावले की माणूस चूक लपवतो, बरं का! आणि इथे लपलेली चूक बाळाच्या जिवावर येते.

मंडळी, यात आपलाही वाटा आहे. आशाताई घरी आली की उंबऱ्यावरूनच सही करून तिला वाटेला लावू नका. वजनकाटा काढू द्या, पूर्ण एक मिनिट श्वास मोजू द्या. ग्रामसभेत तिच्या भेटी किती झाल्या हे विचारताना, तिच्या कामाला सोबत करायला कोण आणि केव्हा आले होते, हेही विचारा. आणि हंगामात तोडणी कामगारांच्या खोपीत बाळंतीण असेल, तर गावच्या आशाताईला तेवढा निरोप जरूर द्या. ऊस आपला तोडायला आलेल्या घरचे ते लेकरू आहे.