रसद तुटली की हिवाळा जिंकतो

संक्रांत जवळ आली की पानिपतची आठवण निघते आणि ‘आपली माणसे उत्तरेच्या थंडीने हरली’ हे वाक्य हमखास कानी पडते. रशियातील नेपोलियन आणि हिटलर यांच्या पराभवाचे श्रेयही असेच हिवाळ्याला दिले जाते. थंडीने माणसे मेली हे खरेच आहे. पण ती थंडीच्या तावडीत का सापडली, हे समजून घ्यायला हवे.

गैरसमज १ : पानिपतावर थंडीने घात केला.

वस्तुस्थिती : उत्तरेचा हिवाळा मराठ्यांना नवा नव्हता. शिंदे-होळकरांच्या फौजा तिकडे वर्षानुवर्षे वावरत होत्या. १७५८ च्या एप्रिलमध्ये रघुनाथराव लाहोरपर्यंत पोचले होते. सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूडहून निघाले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी दिल्ली घेतली. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकल्यावर तिथला धान्याचा मोठा साठाही हाती आला. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट बंद झाली. फौजेबरोबर लढणाऱ्यांखेरीज बायका-मुले आणि यात्रेकरूही होते, त्या सगळ्यांना खायला घालायचे होते. बाजारबुणगे आणि जड सामान मागे ठेवण्याचा सूरजमल जाटाचा सल्ला मानला गेला नव्हता. अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. दाणा-वैरण संपत गेली, जनावरे मेली. पुरेसे गरम कपडे नसलेल्या उपाशी माणसांना थंडीने गाठले ते त्यानंतर. सुमारे अडीच महिने छावणी तग धरून होती. १४ जानेवारी १७६१ ला ही माणसे रिकाम्या पोटी रणात उतरली.

गैरसमज २ : अब्दालीला थंडीची सवय होती, म्हणून तो जिंकला.

वस्तुस्थिती : कंदाहार त्यालाही दूरच होते. पण नजीबखान रोहिल्याचा मुलूख पाठीशी असल्याने त्याला दुआबातून धान्य मिळत राहिले. तरीही विजयानंतर तो टिकला नाही. थकलेल्या पगारासाठी आणि घरी परतण्यासाठी सैन्याने तगादा लावला. मार्च १७६१ मध्ये त्याला दिल्ली सोडावी लागली.

गैरसमज ३ : नेपोलियनची फौज बर्फात संपली.

वस्तुस्थिती : तो २४ जून १८१२ ला चार लाखांहून अधिक सैन्य घेऊन नेमान नदीपार गेला. मॉस्कोत १४ सप्टेंबरला पोचले ते सुमारे एक लाख. काही तुकड्या वाटेत ठाण्यांवर ठेवल्या होत्या. पण उन्हाळा, भूक, टायफस, हगवण आणि पळून जाणारे सैनिक यांनी फौज बर्फाआधीच पोखरली होती. नोव्हेंबरअखेर परतीच्या वाटेवर बेरेझिना नदीवर तर मधेच थंडी ओसरल्यामुळे बर्फ वितळले होते. नदी गोठलेली असती, तर पूल बांधत बसावे लागले नसते.

गैरसमज ४ : १९४१ मध्ये जर्मनांना फक्त थंडी आडवी आली.

वस्तुस्थिती : मोहीम थोडक्यात आटोपेल या हिशेबाने २२ जूनला चढाई झाली, त्यामुळे हिवाळी कपड्यांची पुरेशी सोय नव्हती. ऑक्टोबरच्या चिखलात गाड्या रुतल्या. रुळांचीही अडचण होतीच. आपल्याकडे न्हावा शेवा बंदरातून सुटलेली कंटेनरची मालगाडी थेट दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत जाते, कारण वाटभर रुळांची रुंदी १,६७६ मिलिमीटरच असते. तिथे मात्र जर्मन रूळ १,४३५ मिलिमीटरचे, तर सोव्हिएत १,५२४ चे. त्यामुळे जिंकलेला मार्ग एकतर बदलून घ्यावा लागे, नाहीतर सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. आघाडी पुढे सरकत होती आणि रसद मागे पडत होती.

गैरसमज ५ : रशियावर हिवाळ्यात चढाई करताच येत नाही.

वस्तुस्थिती : बातू खानाच्या मंगोल फौजेने मुद्दाम हिवाळाच निवडला. डिसेंबर १२३७ मध्ये रियाझान आणि फेब्रुवारी १२३८ मध्ये व्लादिमिर पडले. गोठलेल्या नद्या त्यांचे रस्ते बनल्या. त्यांचे घोडे बर्फाखालचे गवत उकरून खात. ते नोव्हगोरोदच्या अलीकडून मागे फिरले, ते वसंतात बर्फ वितळू लागल्यावर.

हिवाळा दोन्ही बाजूंना सारखाच असतो. ज्याच्याकडे धान्य आणि उघडी वाट असते, तो त्यातून निभावतो. म्हणूनच आपले लष्कर लडाखसाठी महिनोन्‌महिन्यांचे धान्य, इंधन आणि कपडे खिंडी बंद होण्याआधी वर पोचवते. पानिपतच्या माणसांवर थंडीने हरल्याचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. त्यांच्या धैर्यात उणीव नव्हती. त्यांच्यापर्यंत धान्य पोचवणारी वाट तुटली होती.